स्टेशनवर कुणीतरी असायला हवं

(आपल्या तुकडीच्या चाळिसाव्या वर्षाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत, बँकेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आहेत, दोन मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी बोलावं. मी बदलापूर-मुरबाडच्या बाजूला गेली पस्तीस वर्षं कोंबडीची पिल्लं वाढवून विकतो. समितीतला मित्र म्हणाला, "तू पिल्लांवरच बोल, पंधरा मिनिटं." आणि वेळ दिली जेवणाच्या आधीची. जेवणात चिकन आहे, हे मला इथे आल्यावर कळलं.

तर पिल्लांवरच बोलतो. पण त्यात शाळेचीही एक गोष्ट आहे. ती एक्केचाळीस वर्षं मी इथल्या एका व्यक्तीशिवाय कुणालाही सांगितलेली नाही.

आधी धंदा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात. घरी खुडूक कोंबडी बसवली तरी तेवढेच आणि हॅचरीत, म्हणजे अंडी उबवणी केंद्रात, मशीनमध्ये ठेवली तरी तेवढेच. पहिले १८ दिवस मशीन अंडी ठरावीक वेळाने फिरवत राहतं, कोंबडी चोचीने फिरवते तशी. शेवटचे तीन दिवस अंडी दुसऱ्या मशीनमध्ये हलवतात आणि तिथे पिल्लं फुटतात. बाहेर येण्याच्या थोडं आधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. ती त्याची शिदोरी. कोंबडीखालची सगळी अंडी एकाच तासाला फुटत नाहीत. मागे राहिलेली फुटेपर्यंत आई उठत नाही, आणि तोवर आधी आलेलं पिल्लू उपाशी मरू नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. या शिदोरीवर पिल्लू दोन, फार तर तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय तग धरतं.

हा सगळा धंदा त्या दोन-तीन दिवसांवर उभा आहे. पिल्लाला काही न देता खोक्यात घालून लांबच्या गावी पाठवता येतं. अमेरिकेत तर १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं चक्क टपालाने जातात. पोस्टमास्तर गिऱ्हाइकाला फोन करून सांगतो, तुमचं पार्सल ओरडतंय, लवकर या. आपल्याकडे पोस्टाने जायची ती ऑर्डर आणि पैसे. पिल्लं यायची रेल्वेच्या पार्सल डब्यातून. पुठ्ठ्याचा चपटा खोका, चहूबाजूंनी भोकं, आत चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात पंचवीस. शंभराच्या ऑर्डरीला दोन पिल्लं जास्त टाकायची पद्धत. वाटेत एखादं गेलं तर गिऱ्हाइकाचं नुकसान नको म्हणून. ही दोन टक्क्यांची पद्धत आजही आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ही ऑर्डर पुढे ढकलता येत नाही. तुम्ही पिल्लं मागवता तेव्हा अंडी मशीनमध्ये जातात आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं येणारच. त्या दिवशी तुमच्या घरी लग्न असो, परीक्षा असो, की गॅदरिंगची तालीम असो.

आता १९८३ कडे येतो.

माझे बाबा परळच्या एका गिरणीत होते. बदलापूर गावातून पहाटेची गाडी पकडून जायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यातले एक आमचे बाबा. आपल्या वर्गात अशी आणखी घरं होती. आपण एकमेकांना ते सांगत नव्हतो, पण मधल्या सुट्टीत डबा कुणी झाकून खायचं ते सगळ्यांना दिसत होतं. पहिले सहा महिने उद्या मिटेल, परवा मिटेल म्हणण्यात गेले. वर्ष उलटलं तसं बाबांनी ते म्हणणं सोडलं. घराच्या मागे गोठ्याची जागा रिकामी होती. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांच्या डोक्यात कोंबड्यांचं घातलं.

तो काळही तसाच होता. डॉ. बी. व्ही. राव आणि त्यांच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजमुळे पुणं हे या धंद्याचं मोठं ठिकाण झालं होतं. त्यांच्याच पुढाकाराने १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती सुरू झाली होती. टीव्हीवरची ती अंड्याची जाहिरात पुढे आपल्या सगळ्यांना पाठ झाली, ती त्याच समितीची. सरकारचंही खडकीला मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. बाबांनी चौकशी करून पुण्याकडच्या एका खाजगी हॅचरीला पत्र टाकलं. टाकलं म्हणजे त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. माझं अक्षर बरं होतं, आणि ते बरं करणारे आपले मराठीचे सर आज आपल्यात नाहीत. आईच्या भिशीचा नंबर लागला होता, त्या पैशांची मनीऑर्डर केली. शंभर पिल्लं, मांसाची. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं, अमुक तारखेला सकाळच्या गाडीने कल्याणला माल उतरेल.

पहिली खेप दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आली. बाबा आणि मी दोघं कल्याणला गेलो. गाडी यायच्या आधी तासभर आम्ही फलाटावर उभे होतो. पार्सल डब्याचं दार उघडलं आणि खोका दिसायच्या आधी आवाज आला. शंभर पिल्लं एकदम चिवचिवली की फलाटावरची माणसं वळून बघतात. लोकलच्या सामानाच्या डब्यात खोका बाबांनी मांडीवर घेतला होता. भाजीवाल्या बायका भोकातून बोटं घालून बघत होत्या. एक म्हणाली, "दादा, ही वाढवायची की नुसती ऐकायची?"

त्या खेपेत आपल्या वर्गाचा हात होता, हे किती जणांना आठवतंय ते बघतो.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सियसची ऊब लागते. मग दर आठवड्याला अडीच-तीन अंशांनी कमी करत जायचं. आमच्याकडे थर्मामीटर कुठला? मी विज्ञानाच्या बाईंकडे गेलो. बाईंनी काही न विचारता प्रयोगशाळेच्या कपाटातून काचेचा लांब थर्मामीटर काढून दिला आणि म्हणाल्या, "तापमान नुसतं यात बघू नकोस. पिल्लंही दाखवतात. सगळी दिव्याखाली गोळा झाली की थंडी वाजतेय, कडेला पळाली की उकडतंय, सगळीकडे पसरली की ठीक आहे." पस्तीस वर्षं मी नव्या गिऱ्हाइकांना हेच वाक्य सांगतो. पुस्तकात पुढे वाचलं, पण आधी बाईंकडून ऐकलं.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला आपला मित्र तिथे दुसऱ्या रांगेत बसून हसतोय. त्याच्या वडिलांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. आपण त्याला चिडवायचो, तुमच्या मालावर 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. त्याच्या वडिलांनी पत्र्याची एक मोठी घमेल्यासारखी टोपी करवून आणली, आतून चार होल्डर लावले, साठचे बल्ब दिले, आणि पैसे विकल्यावर द्या म्हणाले. पिल्लामागे दोन वॉट, हा हिशोब त्यांनी माझ्याकडून ऐकला आणि दोनशेच्या जागी दोनशे चाळीस करून दिले. म्हणाले, "एखादा उडेल, बेटा." एक खरंच उडाला. तो यूएसएचाच होता.

खाली गादीला भाताचं तूस हवं होतं, ते वांगणीच्या मित्राच्या घरून पोत्यातून आलं. पहिले दोन दिवस पिल्लं तूसच टिपून खातात, म्हणून त्यावर पेपर अंथरायचे. ती रद्दी तुम्ही मुलींनी घरोघरून आणली होती. पहिलं पाणी गुळाचं. प्रवासाने थकलेल्या पिल्लाला लगेच तरतरी येते. एकेकाची चोच पाण्यात बुडवून दाखवायची, कारण आई नसलेल्या पिल्लाला पाणी म्हणजे काय ते ठाऊक नसतं. चारपाच शिकली की बाकीची बघून पितात. मग मक्याचा भरडा. लाईट गेली की कोळशाची शेगडी, आणि खिडकी थोडी उघडी, नाहीतर धुराने पिल्लंही जातात आणि माणूसही.

तेव्हा पक्षी दीड किलोचा व्हायला आठ आठवडे लागायचे. आज सहा आठवड्यांच्या आत दोन किलोचा होतो. डिसेंबरात ९६ पक्षी अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या दुकानांत विकले गेले. संप सुरू झाल्यापासून पहिल्यांदा घरात घामाचा पैसा आला. बाबांनी पहिलं काय केलं असेल, तर उल्हासनगरला जाऊन टोपीचे आणि बल्बचे पैसे दिले. दुसरं, नव्या शंभर पिल्लांची मनीऑर्डर केली.

ती दुसरी खेप जानेवारी १९८४ ची.

पोस्टकार्ड आलं, त्याच दिवशी बाबांना निरोप आला की गिरणीत काही लोकांना परत घेतायत, येऊन बघा. दोन्ही एकाच सकाळी. बाबा म्हणाले, "तू कल्याणला जा. शाळा एक दिवस बुडली तर बुडू दे. गाडी यायच्या आधी स्टेशनवर पोच." मी हो म्हणालो.

आणि त्या दिवशी आपल्या स्नेहसंमेलनाची तालीम होती. नाटकात मला काम मिळालं होतं. मोठं नव्हतं, शिपायाचं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं. न येणाऱ्याचं काम दुसऱ्याला देणार, असं आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी सकाळी घरून निघालो तो कल्याणला जायला, आणि अंबरनाथला उतरलो.

मी विचार न करता उतरलो असं नाही, हे सांगायला हवं. चांगला हिशोब करून उतरलो. बाईंनीच वर्गात शिकवलं होतं की पिल्लू पोटात दोन-तीन दिवसांची शिदोरी घेऊन येतं. रात्री फुटलेलं पिल्लू, सकाळी उतरलेला खोका. संध्याकाळी नेला तरी एक दिवससुद्धा होत नव्हता. विज्ञान माझ्या बाजूने होतं.

तालीम संपायला चार वाजले. मी कल्याणला पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. पार्सलवाल्यांनी खोका सकाळी सावलीत नीट ठेवला होता, दोनदा नावही पुकारलं होतं. त्यांची काही चूक नव्हती. दुपारी ऊन सरकलं आणि खोक्याच्या एका बाजूवर आलं, एवढंच. जानेवारीचं ऊन ते किती असेल, असं तुम्हाला वाटेल. पण पुठ्ठ्याच्या बंद कप्प्यात एकमेकांना चिकटलेल्या पंचवीस पिल्लांना ते पुरतं. या वेळी खोका दिसायच्या आधी आवाज आला नाही. अगदी जवळ गेलो तेव्हा आला, आणि तो अर्ध्याच खोक्यातून येत होता.

लोकलमध्ये मी झाकण उघडलं नाही. घरी येऊन मोजली. ३८ मेलेली होती. रात्रीतून आणखी ९ गेली. १०२ पैकी ५५ उरली.

बाबा रात्री आले. गिरणीत त्यांना घेतलं नव्हतं. त्यांनी खोका बघितला आणि विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "गाडी उशिरा आली."

ते काही बोलले नाहीत. मेलेली पिल्लं घेऊन मागे खड्डा खणायला गेले. मी कंदील धरला.

गोष्ट इथे संपली असती तर कदाचित मी ती विसरलो असतो. पण दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "पुण्याला पत्र लिही." आणि त्यांनी सांगितलं ते मी माझ्या बऱ्या अक्षरात लिहिलं. गाडी उशिरा आल्याने ४७ पिल्लं दगावली. यात तुमचा दोष नाही हे आम्ही जाणतो. परंतु आमची परिस्थिती अशी आहे, तरी पुढच्या खेपेला काही सवलत देता आली तर उपकार होतील. बाबांनी खाली सही केली. मी पत्ता लिहिला आणि पेटीत टाकलं. बदलापूरच्या पोस्टाच्या त्या लाल पेटीसमोर मी किती वेळ उभा होतो, ते मला अजून आठवतं.

आठ दिवसांत उत्तर आलं. प्रवासात झालेलं नुकसान खरं तर आमच्याकडे नसतं, पण तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय, म्हणून पुढच्या ऑर्डरीसोबत ४० पिल्लं विनामूल्य पाठवतो, अशा अर्थाचं ते पत्र होतं. बाबांनी ते आईला दोनदा वाचून दाखवायला लावलं. म्हणाले, "बघ, न बघितलेली माणसं, पण शब्दावर विश्वास ठेवतात."

ते पत्र मीच वाचत होतो. दोन्ही वेळा.

ही गोष्ट ओळखली फक्त आपल्या विज्ञानाच्या बाईंनी. मी थर्मामीटर आणखी काही दिवस ठेवू का विचारायला गेलो होतो. बाईंनी विचारलं, किती वाचली? मी सांगितलं. मग विचारलं, खोका किती वाजता सोडवलास? मी म्हणालो, पाच वाजता, गाडी उशिरा होती. बाई तालमीला पेटी वाजवायला बसायच्या, हे मी विसरलो होतो. चार वाजेपर्यंत मी त्यांच्यासमोर शिपाई होतो. त्या रागावल्या नाहीत. कपाट बंद करता करता एवढंच म्हणाल्या, "४८ तास ही पिल्लाची मुदत आहे रे, तुझी नाही."

त्या वेळी मला ते वाक्य पूर्ण कळलं नव्हतं. पुढे धंद्यात कळलं. पोटातली शिदोरी असते ती वाटेत अडचण आली तर. ती धरून आपण आपला आळस बसवायचा नसतो. पिल्लाने केलेली तरतूद आपण खर्च करून टाकली, तर खरी अडचण येईल तेव्हा त्याच्याकडे काही उरत नाही.

त्या चाळीस पिल्लांवर आमचं घर पुन्हा उभं राहिलं, हे खरं आहे. पुढची खेप चांगली गेली, मग त्यापुढची. बाबा परत गिरणीत गेले नाहीत. मी बारावीनंतर यातच पडलो. बाबांना खरं कळलं होतं का, मला माहीत नाही. त्यानंतर त्यांनी मला एकट्याला कधी कल्याणला पाठवलं नाही. माझी दहावी होती म्हणून असेल. दुसरंही कारण असेल. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. २०११ साली ते गेले.

१९९२ च्या सुमारास हातात थोडे पैसे आले तेव्हा मी पुण्याला त्या हॅचरीत गेलो. ४० पिल्लांचे पैसे द्यायचेत म्हणालो. पत्र लिहिणारे गृहस्थ निवृत्त झाले होते. हिशोबनिसांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "अहो, असे पैसे जमा करायला आमच्याकडे खातंच नाही." मी पैसे खिशात घेऊन परत आलो. कुणी पैसे घेतले असते तर बरं वाटलं असतं. तेवढं सुख माझ्या नशिबी नव्हतं.

तेव्हापासून दोन गोष्टी मी पाळतो. एक, माझ्या गिऱ्हाइकाने फोन करून सांगितलं की इतकी पिल्लं मेली, तर मी फोटो मागत नाही. पुढच्या खेपेत भरून देतो आणि वहीत लिहून ठेवतो. माझी मुलगी आता हिशोब बघते. ती म्हणते, "बाबा, यातले निम्मे लोक खोटं सांगतात." निम्मे नाहीत, पण काही सांगतात. मला ओळखू येतं. खोटं पत्र कसं लिहितात ते मला चांगलं माहीत आहे, त्यात समोरच्याचा दोष नाही असं आवर्जून लिहिलेलं असतं. तरी मी देतो. माझ्या खात्यात ४० पिल्लं अजून बाकी आहेत, असं मी धरून चालतो. ती कधीच फिटली असतील, पण मी मोजायचं थांबवलंय.

दुसरी गोष्ट, खोका यायच्या आधी माणूस तिथे हजर पाहिजे. आता रेल्वेचं पार्सल मागे पडलं. हवा खेळती राहील अशा गाड्यांतून, प्लास्टिकच्या क्रेटमधून रात्री माल येतो. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पैसे मोबाईलवर. मारेक्सची लस हॅचरीतच टोचून येते. पाच-सात दिवसांनी लासोटा, चौदा दिवसांच्या आसपास गंबोरो आम्ही देतो. सगळं बदललं, पण एकविसावा दिवस तोच आहे आणि पोटातली शिदोरी तेवढीच आहे. गाडी पहाटे तीनला येणार असेल तर मी अडीचला रस्त्यावर असतो. मुलगी म्हणते ड्रायव्हर फोन करेल. करेल, पण मी असतो.

फक्त एकदा मला जाता आलं नाही. २६ जुलै २००५. त्या दिवशी उल्हास नदीने बदलापूरची काय दशा केली, ते इथे कुणाला सांगायला नको. आपल्यातल्या कितीतरी जणांची तळमजल्याची घरं गेली. पुण्याहून माझे सहा खोके निघाले होते. रस्ते बंद, रेल्वे बंद, फोन लागेनात. गाडी घाट उतरून खोपोलीला अडकली. खोपोलीला राहणारा आपला मित्र आज इथे आहे, आणि त्याच्याविषयी बोलू नकोस असं त्याने मला सकाळीच बजावलंय. ड्रायव्हरकडे त्याचा पत्ता होता. त्याने सहाशे पिल्लं घराच्या हॉलमध्ये उतरवून घेतली. वीज नव्हती. वहिनींनी शेगड्या पेटवल्या, गूळपाणी केलं आणि दोन दिवस दोघांनी आळीपाळीने जागून काढले. घरातली गव्हाची कणी, तांदळाची कणी सगळी संपली. तिसऱ्या दिवशी मी चालत, मिळेल त्या वाहनाने तिथे पोचलो, तेव्हा त्याने पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "सगळीकडे पसरलीत, म्हणजे ठीक आहे ना रे?" नववीत बाईंनी मला सांगितलेलं मी वर्गात येऊन सांगितलं होतं, ते त्याच्या लक्षात होतं. सहाशेतली सतराच गेली.

मी स्टेशनवर नव्हतो तेव्हा अर्धा खोका गेला. मला जाता आलं नाही तेव्हा दुसरं कुणीतरी हजर होतं. माझ्या पंधरा मिनिटांत सांगण्यासारखं एवढंच आहे.

आता जाता जाता एक कामाची गोष्ट. आपल्यापैकी बरेच जण निवृत्त झालेत आणि कोंडेश्वरच्या, बारवीच्या बाजूला कुणी कुणी जागा घेतल्या आहेत. सकाळपासून चार जणांनी मला विचारलं, दहा-वीस कोंबड्या पाळाव्यात का? जरूर पाळा. पण एक दिवसाची पिल्लं मागवू नका. त्यांना तीन-चार आठवडे रात्रंदिवस माणूस लागतो. तुम्ही दोन दिवस नातवाच्या वाढदिवसाला ठाण्याला गेलात तर परत आल्यावर माझी आठवण काढाल. त्यापेक्षा आठ-दहा आठवड्यांच्या, लसीकरण झालेल्या तलंगा घ्या. वनराजा, गिरिराजा अशा घरामागे चरणाऱ्या जाती घ्या. रात्री खुराडं नीट बंद करा, कारण मुंगूस तुमच्याआधी उठतं. आणि ज्यांना पिल्लंच हवी आहेत, त्यांनी आधी मला सांगा की खोका उतरवून घ्यायला कोण जाणार आहे. मग ऑर्डर घेतो.

शेवटचं. बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही आता ब्याऐंशीच्या आहात आणि मघाशी तुम्ही मला नावाने हाक मारलीत. १९८३ च्या ऑक्टोबरात प्रयोगशाळेच्या कपाटातून तुम्ही मला एक थर्मामीटर दिला होता. 'आणखी काही दिवस' म्हणून मी मुदत मागितली होती. ती जरा लांबली. काचेची वस्तू आहे, म्हणून टॉवेलात गुंडाळून आणली आहे. अजून चालतो. खालचे आकडे पुसट झालेत, पण ३५ ची रेघ स्पष्ट दिसते, कारण तिथे मी आईच्या नेलपॉलिशने खूण केली होती. शाळेची वस्तू खराब केल्याबद्दल माफी मागतो.

खाली येऊन मी तो तुमच्या हातात देतो. जेवणाची वेळ झाली आहे.